माळेचे घड्याळ

त्यांच्या गळ्यात नेहमी दोन वस्तू असत. एक स्टेथोस्कोप आणि दुसरी, खेळाच्या शिक्षकांकडे असते तसले, काळ्या दोरीत ओवलेले स्टॉपवॉच. स्टेथोस्कोप ते अधूनमधून घरी विसरत आणि परिचारिकेचा मागून घेत. घड्याळ विसरल्याचे मला आठवत नाही.

मी त्या वेळी कल्याणच्या एका शाळेतून संस्कृतचा अध्यापक म्हणून निवृत्त झालो होतो आणि गावातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर होतो. त्या रुग्णालयात शिरताच एक मोकळा चौक लागतो. चौकात समोर गणपतीचे लहानसे मंदिर आहे. त्याची नित्यपूजा मंडळाने माझ्याकडे सोपवली होती, आणि मंदिराला लागून असलेल्या, समया, ताम्हने व नैवेद्याची भांडी ठेवण्याच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असे. ऐंशीचे दशक संपत आले असताना हे डॉक्टर हृद्रोगतज्ज्ञ म्हणून तिथे रुजू झाले. राहायला ठाण्याला, कोपरीत. तेथून रोज कल्याणला येत, आणि आल्याबरोबर प्रवासाला आज कालच्यापेक्षा किती अधिक वेळ लागला हे पहिल्या भेटणाऱ्या माणसाला सांगत.

मला ते प्रथम भेटले ते पाठीमागून. मी आरती संपवून वळलो, तो हे गृहस्थ घड्याळाकडे पाहत उभे.

"गुरुजी, काल, परवा आणि आज," ते म्हणाले, "तुमच्या आरतीत तिळाएवढा फरक नाही. माणसाच्या हातून असं होत नाही हो सहसा."

देवासमोर कोणी घड्याळ लावून उभे राहावे हे मला रुचले नव्हते. परंतु त्यांच्या मुद्रेवर थट्टेचा लवलेश नव्हता. एखादा दुर्मीळ पक्षी दृष्टीस पडावा तसा हर्ष त्यांच्या डोळ्यांत होता. मी प्रसादाचे खोबरे त्यांच्या हातावर ठेवले. ते त्यांनी खाल्ले, आणि चावायला किती वेळ लागला हेही बहुधा मोजले.

ते सर्वच मोजत. आमच्या घरी आले की पत्नीने चहाचे आधण ठेवताच त्यांचा अंगठा घड्याळावर जाई. एकदा चहा समोर ठेवून बराच वेळ झाला तरी ते कपाकडे नुसते पाहत राहिले.

"डॉक्टर, तो प्यायचा असतो," पत्नी म्हणाली. "गार होतोय."

"तेच बघतोय वहिनी, किती वेळात होतो ते."

"आणि झाल्यावर?"

"मग तुम्ही दुसरा द्याल."

पत्नीने दुसरा दिला. ते गेल्यावर मात्र मला बजावले, "अहो, यांना सुमीच्या लग्नाला बोलावू नका हं. मंगलाष्टकं मोजत बसतील."

सुमी ही माझी पुतणी. तिचे लग्न डोंबिवलीला होते आणि डॉक्टरांना बोलावणे गेलेच होते. मुलीच्या मामांनी स्वतः रचलेली मंगलाष्टके म्हणायला घेतली आणि ती संपेनात. अक्षता हातात धरून सगळा मांडव तिष्ठत असता डॉक्टर गर्दीतून वाट काढीत पुढे गेले आणि भटजींसमोर त्यांनी घड्याळ धरले. भटजींनी ते पाहिले, मुहूर्त आठवला आणि मामांचे कडवे मध्येच तोडून 'शुभमंगल सावधान' म्हणून टाकले. मामा आजतागायत आमच्याशी नीट बोलत नाहीत. मुहूर्त मात्र साधला.

या सगळ्या हौसेच्या मुळाशी काय होते, हे मला उमगायला काही काळ गेला. रुग्णालयाच्या चौकात एक फळा होता. त्या वर्षी हृदयविकाराचे किती रुग्ण बरे होऊन घरी गेले ती संख्या त्यावर रंगवलेली असे. आम्हा विश्वस्तांना त्या फळ्याचा मोठा अभिमान होता. डॉक्टर त्याच्यासमोर उभे राहून मला विचारीत, "गुरुजी, जे दारातच गेले ते यात कुठे आहेत? जे मुळातच थोडं दुखणं घेऊन आले होते, ते आपण बरे केले की ते आपोआप झाले? बरे झालेले मोजून आपण चांगले आहोत हे कळत नाही. नशीबवान आहोत एवढंच कळतं."

"मग काय मोजायचे?"

"जे आपल्या हातात आहे ते."

हृदयाला रक्त नेणारी नलिका रक्ताच्या गुठळीने बुजते, आणि मग हृदयाचे मांस क्षणाक्षणाने मरू लागते, हे त्यांनी मला समजावून सांगितले. गुठळी विरघळवणारे औषध तेव्हा आपल्याकडे नुकतेच मिळू लागले होते. ते शिरेतून जितके लवकर द्यावे तितके हृदय अधिक वाचते. "रोगी दारात पाऊल टाकतो आणि त्याच्या हातात सुई जाते, यांच्यामधला वेळ. एवढंच मोजा. बाकी फळ्यावर काय लिहायचं ते लिहा." सरासरीवर त्यांचा विश्वास नव्हता. "सरासरी गोड बोलते. मला सर्वांत जास्त थांबलेला रोगी दाखवा," असे ते म्हणत. वॉर्डात फिरताना खाटेखाटेशी जाऊन "तुम्हाला ती रक्त पातळ करणारी, चावायची गोळी कुठे दिली? खाली की वर?" असे ते विचारीत. एका आजोबांनी "दिली असती तर चावली असती की," असे उत्तर दिले, तेव्हा डॉक्टर फेरी अर्धी सोडून तडक खाली दाराशी गेले.

आमची रीत अशी होती की हे औषध वरच्या मजल्यावरील अतिदक्षता विभागातच द्यायचे, आणि तेही मोठ्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, स्वतः पाहिल्यावर. मोठे डॉक्टर म्हणजे रुग्णालयाच्या स्थापनेपासूनचे प्रमुख. पिकले केस, मृदू वाणी. मनगटाच्या आतल्या बाजूला सोनेरी घड्याळ बांधीत आणि नाडी पाहताना हात किंचित वळवून त्यात बघत. त्यांचा नियम हेकटपणाचा नव्हता. त्या औषधाने क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो. निर्णय जाणत्या माणसाने घ्यावा, असे त्यांचे म्हणणे. आमच्या डॉक्टरांचे म्हणणे, आलेखाचे यंत्र खाली दाराशी आणा, तिथे हजर असलेल्या शिकलेल्या डॉक्टराला निर्णय घेऊ द्या आणि सुई तिथेच लावा.

"उशीर होतो याला प्रमाण काय?" मोठ्या डॉक्टरांनी विचारले.

प्रमाण हवे म्हणून आमचे डॉक्टर स्टॉपवॉच घेऊन दाराशी उभे राहू लागले, आणि तिथे फसले. ते दिसले की सगळे रुग्णालय धावू लागे. वॉर्डबॉय स्ट्रेचर उडवीत नेई, लिफ्टवाला दार उघडून सज्ज असे. ते घरी गेले की पुन्हा पहिल्यासारखे.

"मला असं घड्याळ पाहिजे गुरुजी," ते एका सकाळी मंदिराच्या पायरीवर बसून म्हणाले, "जे घड्याळ आहे हे कोणाला कळणार नाही." मग माझ्या हातातल्या जपमाळेकडे त्यांची दृष्टी गेली, आणि तिथून ती हलेना.

माझा जप लहानपणी वेदपाठशाळेत लागलेल्या वळणाचा. प्रत्येक नामाला तेवढाच श्वास, तेवढाच विराम. त्यांनी सलग काही दिवस माझ्या माळेचा वेळ मोजला आणि हर्षभराने माझा हात धरला. "चालतं घड्याळ आहे हो हे."

मी स्पष्ट नकार दिला. जप ही देवाची सेवा; तिचे यंत्र करणे मला मान्य नव्हते. शिवाय लपून मोजणे ही हेरगिरी.

"तुम्ही माणसं मोजू नका, वाट मोजा," ते म्हणाले. "कोण चुकलं ते मला नकोच आहे. कुठे थांबलं तेवढं सांगा."

मी रात्री विचार केला. प्रत्येक माळ त्या त्या रुग्णाच्या आरोग्यासाठी संकल्प सोडून करावी, म्हणजे सेवेत खंड नाही, असे माझ्या मनाने घेतले. दुसऱ्या दिवसापासून मी मंदिरासमोरच्या बाकावर बसू लागलो. तिथून दरवाजा, चौक, लिफ्ट सगळे दिसे. छातीत दुखणारा रुग्ण आत आला की मी संकल्प सोडून पहिला मणी ओढी. वर सुई टोचली की डॉक्टरांनी सांगून ठेवलेली तिथली एक परिचारिका चौकावरची खिडकी उघडी. खिडकी उघडली की मी थांबे. म्हाताऱ्या विश्वस्ताचा जप चालला आहे, यापलीकडे कोणाला काही दिसत नव्हते. माझ्या मनात मात्र, खोटे कशाला बोलू, विलक्षण उत्साह संचारला होता. साऱ्या आयुष्यात मी व्याकरण शिकवले. आता या वयात माझ्या बोटांवर एखाद्याच्या हृदयाचा हिशेब चालला होता.

माळा बारा होत, कधी पंधरा. खिडकी उघडता उघडत नसे. कित्येकदा 'उघड गं' असे ओठांवर येई आणि मी ते नामात बुडवून टाकी.

पुरेसे रुग्ण झाल्यावर डॉक्टरांनी माझ्याकडे चिमूटभर रांगोळी मागितली. दुपारची वेळ होती, चौक रिकामा होता. त्यांनी फरशीवर दारापासून वरच्या खाटेपर्यंतची वाट एका रेघेने काढली. मग मी सांगत गेलो तसे, जिथे माळ झाली तिथे एक ठिपका ठेवत गेले. दाराशी एखादा ठिपका. लिफ्टपाशी दोन-चार. वर, मोठ्या डॉक्टरांची वाट पाहताना, काही. आणि मध्ये एका जागी ठिपक्यांवर ठिपके पडून पांढरा ढीग झाला. तो ढीग गणपतीसमोर होता.

डॉक्टर रांगोळीची बोटे झाडत राहिले.

मला सांगण्याची गरज नव्हती. आमच्याकडे स्थापनेपासून प्रघात होता: स्ट्रेचर देवासमोर थांबायचे. नातेवाईक हात जोडत, कोणी बाहेर नारळ आणायला धावे, अंगारा लावला जाई, आणि ते सर्व आटोपले की मग लिफ्ट बोलावली जाई. मी रोज ते पाहत होतो, त्यात माळा ओढत होतो, आणि तरीही माझ्या नजरेला तो उशीर वाटला नव्हता. ती पूजा वाटत होती.

"मूर्ती हलवा असं मी म्हणणार नाही," ते शेवटी म्हणाले.

"मग काय म्हणणार?"

"लोक इथे थांबणारच. मग उपचारही इथेच थांबलेला असू द्या ना. त्यांच्या आधी येऊन." त्यांनी मंदिरालगतच्या खोलीकडे पाहिले, आणि मग माझ्या कमरेच्या किल्लीकडे.

मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक सहकारी विश्वस्त म्हणाले, "सोवळ्याची खोली आहे ती. तिथे रक्त, सुया? गुरुजींना विचारा तरी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी किल्ली काढून मेजावर ठेवली. "भांडी मी घरी नेतो," मी म्हणालो. "देवाला घाई नाही. रुग्णाला आहे."

मोठ्या डॉक्टरांनी ती किल्ली जवळ ओढली. मग त्यांनी आपली अट सांगितली. "एकदा होऊ द्या. येणाऱ्या पहिल्या रोग्याच्या वेळी मी तिथे उभा राहीन. निर्णय यांचा. मोजमाप गुरुजींच्या माळेचंच, म्हणजे आधीच्याशी तुलना होईल. फरक पडला नाही, तर यंत्र परत वर, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"एका रोग्यावरून काहीही सिद्ध होत नाही, सर," आमचे डॉक्टर म्हणाले.

"मान्य आहे की नाही?"

"मान्य आहे. आणि यंत्र वर गेलं तर मी इथली नोकरी सोडून ठाण्यालाच बसतो. उशीर होताना नुसतं बघणं मला नाही जमायचं."

खोली धुतली गेली. खाट आली, यंत्र आले. दार उघडे ठेवले की खाटेवर पडल्या पडल्या गणपती थेट दिसतो, हे मी स्वतः आडवा होऊन पाहून घेतले. पत्नीने घरी रचलेल्या ताम्हनांच्या राशीकडे पाहून विचारले, "आणि तुमच्या डॉक्टरांना यश नाही आलं तर हे सगळं परत कोण नेणार?"

पहिला रुग्ण आला तो ऐन सकाळी. खाडीकाठचा एक कोळी, घामाने निथळलेला, रिक्षातून बायकोच्या खांद्यावर रेलून उतरला. मी संकल्प सोडला, मणी ओढला. मोठे डॉक्टर खांबाशी उभे होते. आमच्या डॉक्टरांनी स्ट्रेचर स्वतः धरले आणि ते खोलीकडे वळवले. तोच त्या बाईने दांडी पकडली.

"कुठं नेतंस याला? देवाचे पाया परल्याशिवाय नाय नेयाचा."

"बाई, आधी आत येऊ दे. छातीत दुखतंय ना त्याच्या?"

"पहाटपासून दुखतंय. मी बोलते दवाखान्यान चल, हा बोलतो पोटान वारा हाय. आता आलंय तं देवाला नारल दाखवू दे. आमचे सासऱ्याला पन हितंच थांबवलेलं."

डॉक्टरांनी दांडी ओढली. तिने सोडली नाही. खाडीत जाळे ओढणारे हात ते. डॉक्टरांच्याने ते सुटणार नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या दृष्टीत विनंती होती की भय, ते मला आजही सांगता येत नाही. जपाच्या मध्ये मी कधी बोललेलो नव्हतो. वडील गेल्याची वार्ता आली तेव्हासुद्धा मी माळ पुरी करून उठलो होतो.

मी बोललो.

"बाई, देव इथेच आहे. कुठे जात नाही. त्या खोलीतून तो तुमच्या माणसाला समोर दिसेल, मी झोपून पाहिलंय. त्याला आत जाऊ द्या. नारळ तुम्ही आणि मी मिळून ठेवू."

तिने माझ्याकडे पाहिले, जानव्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे वाकून विचारले, "दिसतंय काय रं तुला?"

"दिसतंय गो," तो कण्हत म्हणाला. "सोर आता."

दांडी सुटली. स्ट्रेचर आत गेले. बाई माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली आणि तिने माझा डावा हात गच्च धरला. उजव्या हाताने मी पुन्हा मणी ओढू लागलो. पण बोटे ऐकेनात. नामामागून नाम उड्या मारीत होते. आत यंत्राचा कागद सरकल्याचा आवाज आला. डॉक्टरांनी आलेख उचलून उजेडाकडे धरला. मोठे डॉक्टर पुढे आले, त्यांनी तो पाहिला, पण अट आठवून काही बोलले नाहीत. "द्या," आमचे डॉक्टर म्हणाले. तिसरी माळ अर्धीही झाली नव्हती, तो बाटलीतून थेंब सुरू झाला.

मला उठून ओरडावेसे वाटले. पंधरा माळांची वाट अडीच माळांच्या आत आली होती. डॉक्टर बाहेर आले, त्यांचे कपाळ त्या कोळ्यापेक्षा अधिक भिजले होते.

"किती?" त्यांनी विचारले.

मी सांगितले. त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच मावळला.

"गुरुजी, तुम्ही मध्ये बोललात."

"बोललो."

"आणि नंतर जप धावला. मला आतून ऐकू येत होतं."

"धावला."

"मग हे मोजमाप बाद." ते मोठ्या डॉक्टरांकडे वळले. "सर, माझ्याकडे आकडा नाही. घड्याळ बिघडलं होतं."

यंत्र वर जाणार, हे नोकरी सोडून जाणार, सगळा डाव हातचा निघून चालला होता, आणि हा मनुष्य आपणहून तो सोडून देत होता. "तुमच्या गळ्यातलं काय झालं?" मी विचारले.

त्यांनी स्टॉपवॉच हातात घेऊन पाहिले. ते दाबलेच नव्हते. ज्या माणसाने चहा गार होण्याचा वेळ मोजला, तो आज अंगठा दाबायला विसरला होता.

मोठे डॉक्टर खांबापासून सावकाश पुढे आले. त्यांनी आपले मनगट वळवले, आतली सोनेरी तबकडी आमच्या डॉक्टरांसमोर धरली आणि काटा कुठे होता नि कुठे आला ते बोटाने दाखवले. "बाई दारात आल्यापासून मी बघतोय," ते म्हणाले. "एवढ्या वेळात आपली लिफ्टसुद्धा खाली येत नाही. यंत्र इथेच राहू दे."

"पण सर, एका रोग्यावरून—"

"गप्प बसा हो आता."

बाकावरच्या बाईने विचारले, "झाला काय?" मी म्हटले, "झालं." तेव्हा कुठे तिने माझा हात सोडला.

पुढे चौकातला तो जुना फळा पुसला गेला. त्या जागी दर महिन्याला डॉक्टर खडूने एकच गोष्ट लिहीत: या महिन्यात ज्याला सर्वांत अधिक थांबावे लागले, त्याला किती थांबावे लागले. विश्वस्तांना सुरुवातीला लाज वाटली. मग हळूहळू तो वेळ खाली आणण्याची सगळ्यांनाच ईर्ष्या लागली, आणि लिफ्टवालासुद्धा सकाळी आल्यावर आधी फळ्याकडे पाहू लागला.

तो कोळी घरी जायला निघाला त्या दिवशी मी पूजेला होतो. तो आपल्या पायांनी जिना उतरून चौकात आला. बायकोने नारळ पुढे केला. तो देवासमोर हात जोडून, डोळे मिटून उभा राहिला, आणि उभाच राहिला. मागे आणखी माणसे येऊन थांबली. डॉक्टर माझ्या शेजारी होते. सवयीने त्यांचा अंगठा गळ्यातल्या घड्याळावर गेला होता.

"हे नाही मोजायचं?" मी हळूच विचारले.

त्यांनी अंगठा काढून घेतला.

"नाही," ते म्हणाले. "इथे आता हवा तेवढा वेळ लागू दे."